आठव्या नंबरवर कोण?

ऑडिटरसाहेबांना तुम्ही ओळखता. आडनाव वेगळं असेल, ऑफिस वेगळं असेल, पण ओळखता. सकाळी धरमपेठेत तर्री पोह्याच्या ठेल्यावर प्लेट घेऊन उभे असतात, तर्री शर्टावर सांडू नये म्हणून कमरेत वाकलेले, आणि तशा वाकलेल्या अवस्थेतच समोरच्याला विदर्भाची रणजी टीम समजावून सांगत असतात. आपण आपलं ओळख ठेवायची म्हणून विचारतो, "काय साहेब, यंदा काढते का विदर्भ?" झालं. साहेब प्लेट ठेल्यावर ठेवतात, मिशीला लागलेला चण्याचा रस्सा रुमालाने टिपतात आणि म्हणतात, "ते सोडा हो. आठव्या नंबरवर कोण?"

साहेब एजी ऑफिसातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबावर आक्षेप काढले. निवृत्तीनंतर सरकारने हिशेब दाखवणं बंद केलं, तेव्हा त्यांनी टीम तपासायला घेतली. सलामीला कोण, कॅप्टन कोण, नवा चेंडू कोणाच्या हातात, हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ खर्चात जमा. आक्षेप एकच, आणि तो कायमचा प्रलंबित.

आठवा म्हणजे कोण, ते साहेबांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पहिले सहा फलंदाज. सातवा बहुतेक वेळा यष्टिरक्षक. नववा, दहावा, अकरावा हे गोलंदाज. त्यांनी चौकार मारला तर लोक लहान पोराचं कौतुक करावं तसे हसतात. मधला हा आठवा. त्याने वीस षटकं टाकून दोन गडी काढायचे आणि वरचे सगळे ढेपाळले की खाली उभं राहून पन्नास धावाही करून द्यायच्या. केल्या, तर दुसऱ्या दिवशी पेपरात 'तळाच्या फलंदाजांनी उपयुक्त भर घातली' असं एक वाक्य येतं. नाव येत नाही. म्हणून साहेबांचा सिद्धान्त असा की टीम आठव्यापासून निवडावी. कागदाच्या मधोमध आधी तो लिहायचा, मग त्याच्या वर आणि खाली माणसं भरायची.

हे क्रिकेटपुरतं राहिलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण पुतणीचं स्थळ बघायला प्रतापनगरला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलगा इंजिनिअर, मिहानमध्ये नोकरी, घरचं चांगलं. बाकीच्यांनी पगार विचारला, पत्रिका विचारली. मुलाच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं की कंपनीच्या टीमकडून क्रिकेटही खेळतो. साहेब सावरून बसले.

"कितव्या नंबरवर?"

"ओपनिंग करतो जी."

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि नंतर घर सोडेपर्यंत ती उचलली नाही. गाडीत म्हणाले, "पोरगा वाईट नाही. पण ओपनर आहे. ओपनर काय, सगळं नवं-नवं असतं तेव्हा छानच खेळते. सहा बाद नव्वद झाल्यावर काय करेल, हे कोणी विचारलं काय?" लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे. तो जावई आता साहेब दिसले की नमस्कार करतानाच सांगून टाकतो, "आता खाली खेळतो काकाजी, आठव्या नंबरवर." साफ खोटं. पण साहेब त्याला दिवाळीला शर्टाचं कापड देतात.

सोसायटीच्या कार्यकारिणीची यादी हातात आली की अध्यक्ष-सचिव सोडून यांचं बोट घसरत आठव्या नावावर जातं. "हा माणूस पाण्याच्या टाकीचं पाहील काय?" आणि सांगायला वाईट वाटतं, पण आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं आजवर ज्याने पाहिलं तो खरोखरच यादीत खालच्या बाजूला होता.

साहेबांचं खरं न्यायालय भरतं ते अंबाझरीच्या बाकावर, सकाळच्या फिरण्यानंतर. फिरणं अर्धा तास, सुनावणी दीड तास. तिथे वलनीवाले काकाजी असतात. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत त्यांची नोकरी झाली. उमेश यादवचे वडील त्याच खाणीत कामाला होते. त्यामुळे विदर्भाचा पहिला कसोटीपटू हा आपल्या घरातूनच भारताकडे गेला अशी काकाजींची धारणा आहे. कुठलाही प्रश्न आला की त्यांचं उत्तर तयार: "वेगवान पाह्यजे. आपला उमेश पाहा न." दुसरे बँकवाले भाऊजी. यांचं बाहेरच्यांशी वाकडं. बाहेरचे म्हणजे दुसऱ्या राज्यातून करारावर आणलेले खेळाडू, ज्यांना मैदानावर 'प्रोफेशनल' म्हणतात. तिसरा एक पोट्टा आहे, कुठल्याशा जिममधून घामाघूम होऊन येतो आणि मोबाइल पाहत पाहत मध्येच विचारतो, "याला आयपीएलमध्ये कोणी घेतलं का?" त्याला कोणी उत्तर देत नाही.

"आपले पोट्टे काय कमी आहेत काय?" भाऊजी सुरू करतात. "बाहेरून आणून काऊन राहिले?"

"जाफरले बाहेरचा म्हनता?" काकाजी.

इथे भाऊजी अडचणीत येतात. वसीम जाफर मुंबईचा, पण विदर्भाने करंडक काढला त्या २०१७-१८ च्या मोसमात तो कराराचे पैसे न घेता खेळला. आदल्या मोसमात दुखापतीने बसून होता तरी असोसिएशनने पैसे दिले होते, म्हणून. चाळिशी गाठल्यावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने २८६ केल्या, त्याही इथेच, नागपुरात. एवढ्या माणसाला बाहेरचा म्हणायला जीभ रेटत नाही. मग भाऊजी गणेश सतीशवर जातात, तिथून करुण नायरवर, तिथून ध्रुव शोरीवर. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच, हे काकाजी आठवण करून देतात. आवाज चढतो. तलावावरचे बगळे उडतात. सगळे साहेबांकडे पाहतात, कारण शेवटी हिशेबातला माणूस तोच.

"आणा न बाहेरून," साहेब शांतपणे म्हणतात. "कोण नाही म्हणते? पण बाहेरून सगळे वरचेच आणता. पहिला, तिसरा, चौथा. आठवा कोणी बाहेरून आणते काय? आठवा घरीच व्हावा लागते."

मग तो नायर २०२५ मध्ये कर्नाटकात परत गेला तेव्हा भाऊजींना आनंद लपवता येईना आणि काकाजींना दुःख. साहेब म्हणाले, "चौथा होता. चौथे मिळतात."

१ जानेवारी २०१८. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला करंडक मिळाला तो त्या दिवशी. नागपुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी रजनीश गुरबानी. सिव्हिल इंजिनिअर झालेल्या या पोराने उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाचे बारा गडी घेऊन पाच धावांनी विजय खेचून आणला होता, आणि अंतिम सामन्यात विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ वर खेळत असलेला ध्रुव शोरी या तिघांच्या लागोपाठ दांड्या उडवल्या. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅटट्रिक. बँकवाले भाऊजी भरल्या गळ्याने सांगत होते की १९८७ च्या विश्वचषकात आपल्याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांना असंच ओळीने बोल्ड केलं होतं. हा योगायोग समजू नका. मग काय समजायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

साहेब संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. सगळ्यांनी हात पुढे केले.

"हॅटट्रिकची नाही," साहेब म्हणाले. "ही सरवटेची."

आणि सुरू झाले. दिल्लीच्या २९५ ला उत्तर देताना आपले ५४७ झाले, ते कशाने? फैज फजल ६७, जाफर ७८, बरोबर. अक्षय वाडकरचं पहिलं शतक, १३३, तेही बरोबर. पण वाडकरच्या समोर उभा कोण होता? आदित्य सरवटे, आठव्या नंबरवर, ७९. त्याच्या मागून सिद्धेश नेरळ, ७४. हे दोघं नसते तर गुरबानीची हॅटट्रिक पेपराच्या आतल्या पानात छापून आली असती. हे ऐकल्याशिवाय बर्फी मिळत नव्हती. पोट्ट्याने मात्र ऐकता ऐकता दोन घेतल्या.

पुढचं वर्ष साहेबांच्या आयुष्यातलं सोन्याचं. २०१८-१९ चा अंतिम सामना जामठ्याला, समोर सौराष्ट्र. सरवटेने सामन्यात अकरा गडी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत एकेरी आकड्यात घरी पाठवलं, विदर्भ ७८ धावांनी जिंकलं. पण त्याआधी पहिल्या डावात आठव्या नंबरवरून अक्षय कर्णेवारने नाबाद ७३ काढल्या होत्या. आपल्या ३१२ झाल्या आणि त्यांच्या ३०७. लगेच पुढे इराणी सामन्यात पुन्हा आठव्या नंबरवर कर्णेवार, आणि शतक! १०२! साहेब त्या आठवड्यात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांशी गोड बोलले. त्यात कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. डावखुऱ्याला एका हाताने, उजव्याला दुसऱ्या. साहेबांच्यातला ऑडिटर गहिवरला. "एका मानधनात दोन बॉलर आणि वर एक बॅट्समन. अशी काटकसर मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

मधली वर्षं मी सोडून देतो. साहेब सोडत नाहीत, पण तुम्हाला कामं असतील. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईने आपल्याला अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवलं. पहिल्या डावात आपण सर्वबाद १०५. बाकावर त्या दिवशी सुनावणी झाली नाही.

आणि मग आला २०२५ चा अंतिम सामना, पुन्हा जामठा, समोर पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेलं केरळ. पोट्ट्याच्या गाडीतून आम्ही गेलो. वर्धा रोडवरचं हे स्टेडियम २००८ चं, आणि गावापासून इतकं लांब की जाईपर्यंत साहेबांनी दोन्ही संघांचे आठवे तपासून घेतले होते. वर चढून बसलो. साहेबांनी पिशवीतून वही काढली: लाल पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे'. धावफलक लिहिण्याची वही बाजारात मिळते, हे त्यांना मान्य नाही.

केरळने नाणेफेक जिंकून आपल्याला फलंदाजी दिली. सलामीला शोरीबरोबर पार्थ रेखडे. हा मुळात डावखुरा फिरकीपटू. उपांत्य सामन्यात मुंबईचे रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे त्याने एकाच षटकात घेतले होते. दुसऱ्याच चेंडूवर तो शून्यावर गेला. तिसऱ्या नंबरवर बॅट घेऊन दर्शन नळकांडे येताना दिसला. नळकांडे! वेगवान गोलंदाज!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेन्सिल वहीवर थांबली.

"हा खालचा आहे न?"

"होय साहेब."

"मग वर काऊन आला?"

"काही डावपेच असतील."

नळकांडे एका धावेवर परतला. शोरीही गेला. तीन बाद २४. काकाजी म्हणत होते, तरी सांगत होतो. भाऊजी म्हणत होते, बाहेरचा असता तर. साहेबांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते वहीत खाली, आठव्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खालचे वर पाठवले. मग आठव्या नंबरवर कोण?"

त्यांचा आवाज असा होता की पोट्ट्यानेही मोबाइल खिशात टाकला.

त्यानंतर दानिश मालेवार आणि करुण नायरने २१५ ची भागीदारी केली. मालेवार एकवीस वर्षांचा, आपल्या नागपूरचा, पहिलाच मोसम, १५३ काढल्या. नायर ८६ वर धावबाद झाला. आपल्या ३७९ झाल्या. मैदान नाचत होतं. साहेबांनी १५३ वहीत लिहिल्या, पण वळण बिघडलेलं होतं.

केरळची सुरुवातही पडझडीची. दोन गडी लवकर गेले आणि वरच्या फळीत त्यांचा एक डावखुरा उभा राहिला. चालणं ओळखीचं होतं. आदित्य सरवटे. नागपूरचा, आपला आठवा. त्या मोसमात तो केरळकडून खेळत होता. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, सरवटे केरळकडे. आता हे असंच चालतं, मुलं पुण्या-बंगळुराला नोकरीला जातात तसं. कोणाला दोष देणार? त्याने तासन् तास खिंड लढवली, आपल्याच मैदानावर, आपल्याच पोरांसमोर. भाऊजी ओरडत होते, "बाद करा न त्याले!" साहेब गप्प. सरवटे बाद झाला तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून रागाने पाहिलं. केरळचा समर्थक वाटला असावा.

मी वहीत डोकावलो. साहेबांनी मागची पानं उलटून इंदूरचा सामना काढला होता. तिथे डावीकडे लिहिलं होतं: सरवटे, ७९. आज उजवीकडे लिहिलं: सरवटे, ७९. तोच आकडा, तोही रणजीच्या अंतिम सामन्यातच. खाली लाल पेन्सिलने रेघ मारली आणि एजी ऑफिसातल्या अक्षरात लिहिलं, 'बाकी निरंक.'

चहाच्या वेळी काकाजी आणि भाऊजी खाली गेले. मी विचारलं, कारण इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं, की साहेब, हे आठव्याचं नक्की काय आहे?

साहेब मैदानाकडे पाहत म्हणाले, "आमचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. मैदान पायी जायच्या अंतरावर. जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता पळत जायचो. तेव्हा आपण सेंट्रल झोनमध्ये. समोर रेल्वे, राजस्थान, उत्तर प्रदेश. सकाळी साडेनऊला मॅच सुरू. मी पोचेपर्यंत…" ते जरा हसले. "मी पोचेपर्यंत सहा गेलेले असायचे हो. वरचे बॅट्समन मी पाहिलेच नाही कधी. मी पाहिला तो आठवाच. समोरचा एकेक जात राहायचा, हा उभा. तीस करायचा, पस्तीस करायचा. हरायचोच आपण. पण माझी सुट्टी संपेपर्यंत तो काही आऊट व्हायचा नाही."

स्टँडमध्ये किती लोक असायचे, असं मी विचारलं.

"मी असायचो," साहेब म्हणाले. "आणि एक चौकीदार."

कोणत्या वर्षी, कोण खेळाडू, हे त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी नाव न सांगितलेली ही एकच गोष्ट. त्यातले बहुतेक पुढे कुठल्या बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरीला लागले असतील. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराचा, सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सेंट्रल झोनच्या त्या आठव्यांची नावं विचारायची तर साहेबांशिवाय माणूस नाही.

केरळ ३४२ वर आटोपलं, आपल्याला ३७ ची आघाडी. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा मैदानभर जल्लोष आणि साहेबांच्या तोंडून 'अरेरे'. हर्ष दुबेने त्या मोसमातला एकोणसत्तरावा गडी घेतला. एका रणजी मोसमात एवढे बळी आजवर कोणी घेतले नव्हते, आणि वर पावणेपाचशे धावाही. साहेब म्हणाले, "हा पक्का आठवा." याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही. पाचव्या दिवशी, २ मार्चला, दुसऱ्या डावात नायरचं शतक झालेलं, सामना अनिर्णित राहणार हे स्पष्ट, करंडक पहिल्या डावाच्या आघाडीवर आपलाच. लोक निघायला लागले होते. खाली नळकांडे खेळत होता, आता त्याच्या हक्काच्या जागी, तळाला. त्याने अर्धशतक पुरं केलं आणि दोन्ही संघांनी हात मिळवले. नाबाद ५१. साहेब उभे राहिले. पहिल्या डावातली १ त्यांनी खोडली नाही, ऑडिटर खोडत नसतो; पण तिच्यासमोर बारीक अक्षरात शेरा मारला: 'चुकीच्या शीर्षाखाली खर्ची.'

तर रणजीच्या सामन्याला शक्यतो तिकीट नसतं, कसोटी किंवा आयपीएलसारखी मारामारी नसते. मोसम सुरू झाला की एखाद्या दिवशी जरूर जा. सामना जामठ्याला असेल तर मेट्रो खापरीपर्यंत नेते, पुढे ऑटोवाल्याशी आधी भाव ठरवून घ्या. लाल पुठ्ठ्याची वही घेतलेले साहेब सावलीच्या बाजूला दिसतील. त्यांच्या शेजारी बसायचं असेल तर सहा गडी बाद झाल्यावर बसा, कारण आठवा खेळत असतो तेव्हा साहेब एक शब्द बोलत नाहीत. तो बाद झाला की मात्र लगेच उठा.